टाउनहाउस ऐतिहासिक, पण प्यायचं पाणी कुठलं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या अंकात प्रॉपर्टीच्या पानावर भरूचच्या एका स्कीमची जाहिरात आली होती, चांगलं अर्धं पान, मागे नर्मदेवरचा जुना गोल्डन ब्रिज, पुढे काचेच्या बाल्कनीत आई-बाबा-मुलगा-मुलगी चौघंही कारण नसताना हसतायत, आणि वर मोठ्या अक्षरात 'ऐतिहासिक बंदरनगरीत मॉडर्न फॅमिली टाउनहाउस'. ती वाचून आम्ही खरंच बघायला गेलो, सगळं घर गाडीत घालून, म्हणून हे पत्र लिहितेय. लांबेल, माहितेय मला. कापायचं झालं तर इतिहासाचं कापा, पाण्याचं तेवढं ठेवा.

टाउनहाउस म्हणजे काय ते आधी सांगते, कारण मलाही जाऊन बघेपर्यंत कळलं नव्हतं. बडोद्यात आपण ज्याला इतकी वर्षं टेनामेंट म्हणत आलो ना, दोन्ही बाजूच्या भिंती शेजाऱ्यांशी जोडलेल्या, पुढे एका गाडीची जागा, मागे धुण्या-भांड्याचा वॉश एरिया, तेच. पुण्याकडे रो हाऊस म्हणतात. टाउनहाउस म्हटलं की दहा-पंधरा लाख वाढतात असं आमचे मिस्टर म्हणतात, पण ते प्रत्येक गोष्टीवर असंच म्हणतात.

आता भरूचच का, तर मुलगा दहेजला एका केमिकल कंपनीत आहे. पहाटे साडेपाचला कंपनीची बस नाक्यावर येते, बडोद्याहून भरूच सत्तर किलोमीटर, तिथून पुढे दहेज अजून पंचेचाळीसेक, संध्याकाळी परत येईपर्यंत आठ. नात त्याला रविवारी भेटते आणि रविवारी तो झोपलेला असतो. कारेलीबागेतून रोज ही वारी करणारा तो काही एकटा नाही, त्या बसमध्ये बसायला जागा नसते. आणि दुसरं कारण २०२४चा ऑगस्ट. विश्वामित्री नदी आमच्या ग्राउंड फ्लोअरच्या घरात पाहुणी आली ती तीन दिवस गेलीच नाही, फ्रिज आडवा होऊन पासेजमध्ये तरंगत होता, सोसायटीच्या पार्किंगमध्ये मगर निघाली ती वेगळीच. तेव्हापासून सूनबाई म्हणतेय की आता इथून निघू या, आणि मी नाही कुठल्या तोंडाने म्हणू.

तर आम्ही गेलो. घर वाईट नाही हो, उगीच नावं ठेवायला मी हे लिहीत नाहीये. ३ बीएचके, खाली एक बेडरूम म्हणजे आम्हा म्हाताऱ्यांना जिना चढायला नको, बाथरूममध्ये पाय घसरणार नाही अशी फरशी, किचनला खरोखरची खिडकी, वर गच्ची स्वतःची. नातीने लगेच तिची खोलीसुद्धा ठरवली. माझं लहानपण ज्या जुन्या घरांत गेलं त्यांचं कौतुक करणारे लोक बहुतेक तिथे कधी राहिलेले नसतात, तो उभा जिना, वरून लोंबणारा दोर धरून चढायचं, रात्री संडासला कंदील घेऊन मागच्या अंगाला जायचं, मला ते परत नकोय. मॉडर्न घर मला हवंच आहे.

पण मग मी विचारलं, प्यायचं पाणी कुठलं? तो सेल्सचा मुलगा म्हणाला, बोर आहे ना मॅम, चोवीस तास पाणी. नगरपालिकेचं कनेक्शन? ते नंतर मिळून जाईल. माझ्या पर्समध्ये टीडीएस मीटर असतो, लिटरभर पाण्यात किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत ते तो दाखवतो, मी शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि पुरानंतर तर घरोघरी पाणी तपासत फिरत होते त्यामुळे सवय लागलीय. सॅम्पल हाऊसच्या बेसिनचं पाणी पेल्यात घेऊन मीटर बुडवला, आकडा आला १,९४०. प्यायच्या पाण्याला भारतीय मानक ५००पर्यंत चालतं म्हणतं, दुसरं पाणी मिळतच नसेल तर २,०००पर्यंत नाइलाजाने. मी त्याला हे सांगितलं तर पोरगा हुशार निघाला, म्हणाला, मग लिमिटमध्येच आहे की मॅम! आणि पुढे, प्रत्येक युनिटला आरओ फ्री आहे. आरओ एक लिटर पाणी देताना साधारण दोन-तीन लिटर ड्रेनेजला सोडतो, आणि जे सोडतो ते आधीपेक्षा जास्त खारं. नळ खारा, गिझर खारा, नव्या कोऱ्या शॉवरच्या भोकांवर पांढरे खडे चढायला लागलेच होते, मी नखाने काढून दाखवले. सूनबाईने मला कोपराने ढोसलं.

हे भरूच आहे, इथे हा प्रश्न आजचा नाही. नर्मदा एवढी मोठी, पण समुद्र जवळ, भरतीचं पाणी नदीतून वर चढतं. वरून धरणातून पाणी कमी सुटलं की खालून खार आणखी आत येते, म्हणून तर भाडभूतला नदीवर बॅरेज म्हणजे बंधारा बांधायला घेतलाय, २०१७ला भूमिपूजन झालं. परिक्रमा केलेल्या वाचकांना वेगळं सांगायला नको, आमच्या वन्सं विमलेश्वरहून होडीत बसल्या तेव्हा भरतीची वाट बघत किती तास काढले ते अजून सांगतात, आणि पलीकडे उतरतात त्या जागेचं नावच मिठी तलाई. सगळीकडे खारं असताना एका तळ्याला मिठी म्हणून हाक मारावीशी वाटली लोकांना, यातच काय ते आलं.

माझे वडील रेल्वेत होते, १९६७ ते ७० आम्ही जुन्या भरूचात भाड्याने राहिलो, टेकाडावरच्या एका गल्लीत. त्या घराच्या चौकात जमिनीत एक दगडी तोंड होतं, हातभर रुंद, त्यावर पितळी झाकण, आणि खाली अख्ख्या चौकाएवढं टाकं. गुजरातीत टांकुं म्हणतात. विटा आणि चुन्याचं, आतून चुन्याचाच घोटीव गिलावा. घरमालकीणबाईंना आम्ही बा म्हणायचो. पहिल्या पावसाचं पाणी बा आत घ्यायच्या नाहीत, कौलं आणि पन्हळी धुऊन निघाल्या, कावळे-कबुतरांची घाण गेली, की मग नळीचं तोंड टाक्याकडे वळवायचं आणि ते काम दुसऱ्या कुणी करायचं नाही. आत उजेड जाऊ द्यायचा नाही म्हणजे शेवाळ धरत नाही. काढायची कळशी ठरलेली, तांब्याची, मी एकदा खेळताना साधा डबा सोडला होता तर आईने नाही, बांनी मारलं. ते पाणी फक्त प्यायला आणि डाळ शिजवायला, बाकी सगळं विहिरीचं खारं. वर्षातून एकदा बा उन्हात आरसा धरून कवडसा आत सोडायच्या आणि आम्हा पोरांना पोटावर झोपवून बघायला लावायच्या, तळ दिसतोय का रे? दिसायचा. गच्च भरलेल्या टाक्याचा तळ, विटेची वीट मोजता यायची. डाळ मात्र विहिरीच्या पाण्यात शिजायचीच नाही, हे आता शिकवताना मी मुलांना कॅल्शियम-मॅग्नेशियम वगैरे सांगायचे, बांना ते न शिकता माहीत होतं.

सॅम्पल हाऊसवरून निघाल्यावर मी मुलाला म्हटलं, जरा गावात घे गाडी. गाडी गल्लीत जाईना, चालत गेलो. आमचं घर बंद आहे, दाराला कुलूप, ओटल्यावर कुणीतरी भंगार स्कूटर ठेवलीय. शेजारच्या घरात एक म्हाताऱ्या बाई होत्या, मी इथे राहायचे म्हटल्यावर आत बोलावलं, पाणी दिलं. टाक्यातलं? हो, टाक्यातलं. मी परवानगी काढून मीटर बुडवला तर ७०च्या आत. त्या हसायला लागल्या, "आ तो वरसादनुं पाणी छे बेन, एमां शुं मापवानुं?" म्हणजे हे तर पावसाचं पाणी, यात काय मोजायचं? मिस्टरांनी दोन पेले प्यायले आणि तिथेच त्यांना महादजी शिंद्यांची आठवण झाली, भरूच १७८३ला महादजींकडे आलं आणि १८०३ला इंग्रजांनी परत घेतलं, वीस वर्षं आपलं होतं वगैरे, बाईंना ते कशाला हवं होतं देव जाणे, पण त्यांनी खारी सिंग दिली खायला आणि ऐकून घेतलं.

जाहिरातीत 'ऐतिहासिक' शब्द चार वेळा आहे म्हणून इतिहासाबद्दल थोडं. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या समुद्री व्यापाराच्या ग्रीक पुस्तकात भरूच बारिगाझा म्हणून येतं, खाडीतली भरती आणि उथळ जागा इतक्या धोक्याच्या की राजाचे कोळी होड्या घेऊन पुढे जायचे आणि परदेशी जहाजांना वाट दाखवत आत आणायचे. आपलं पैठण तिथून वीस दिवसांच्या वाटेवर लिहिलंय, तेर त्याच्याही पुढे दहा दिवस, तिकडून गाड्या भरभरून माल यायचा. म्हणजे मराठी मुलखाचं हे बंदरच म्हणा की. आणि मला त्याहून आवडतं ते नाशिकच्या पांडव लेण्यातलं, क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात, त्याच्या शिलालेखात त्याने कुठे काय दान केलं ते कोरलंय, त्यात भरुकच्छ म्हणजे हेच भरूच आहे, शूर्पारक म्हणजे आपलं सोपारा आहे, तिथे प्रवाशांना उतरायला चौसोपी धर्मशाळा बांधल्या, विहिरी खणल्या, तळी केली. नद्यांवर फुकट होड्या ठेवल्या आणि काठांवर पाणपोया. घर बांधलं त्याच्याच पुढे पाणी, त्याच दगडावर, त्याच ओळीत. एवढ्या जुन्या जावयाला जे सुचलं ते ब्रोशरच्या बत्तीस पानांत कुणाला सुचू नये? ब्रोशरमध्ये 'हेरिटेज फील' आहे, म्हणजे काय तर गेटला कमान आणि लॉबीत जहाजाचं स्टिकर.

आणि इथे बडोद्यात तरी आपण वेगळं काय शिकलो होतो, सयाजीराव महाराजांनी राजवाडा बांधला तसं आजवाचं तळं पण बांधलं, १८९२ला तयार झालं, शहराच्या निम्म्या लोकांनी राजवाडा आतून पाहिला नसेल पण आजवाचं पाणी प्यायलाय प्रत्येक जण.

हिशेब अवघड नाही, सातवीतलं पोर करेल. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. त्या टाउनहाउसची गच्ची साठ चौरस मीटर धरा, भरूचला वर्षाचा पाऊस ८०० मिमी धरा, झाले ४८,००० लिटर. पहिलं धुवण आणि वाया जाणारं वीस टक्के काढून टाका, तरी ३८,००० उरतं. पाच माणसांना प्यायला आणि स्वयंपाकाला दिवसाला वीस-पंचवीस लिटर लागतं, वर्षाचे नऊ हजार. म्हणजे पार्किंगच्या खाली दहा हजार लिटरचं टाकं काढलं तर पुढच्या पावसापर्यंत घर गोड पाणी पिईल, आरओ माळ्यावर टाका. पाया खणलेला असताना हे काम किरकोळ आहे, नंतर फरशी फोडून करायचं म्हणजे कुणी करत नाही. मी हे साइटवरच्या साहेबांना कागदावर मांडून दाखवलं, ते म्हणाले एक्स्ट्रा वर्क होईल, आधी टोकन द्या मग बघू.

टोकनवरून आठवलं, हेही छापा प्लीज, कारण नव्या जोडप्यांना माहीत नसतं. जाहिरातीत रेराचा, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठीच्या कायद्याखाली प्रोजेक्टची नोंदणी होते त्याचा, नंबर नव्हता. मी विचारलं तर म्हणे आमचे फक्त आठच एक्सक्लुझिव्ह युनिट आहेत ना, लागत नाही. कायद्यात तसं आहे खरं, ५००  चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा आठपर्यंत युनिट असतील तर रजिस्ट्रेशनची सक्ती नाही. म्हणजे ज्याला ते 'एक्सक्लुझिव्ह' म्हणून वर दहा लाख लावतात ते आठ आकड्याचं गणित कदाचित दुसऱ्याच कारणाने बसवलेलं असू शकतं. आठ घरं गल्लीच्या या बाजूला, आणि त्याच बिल्डरची दुसऱ्या नावाने आठ पलीकडच्या बाजूला, हे मी डोळ्यांनी बघून आले, आता ती एकच स्कीम आहे की दोन हे वकिलाने सांगावं, मी शाळेतली बाई. आणि बानाखत, म्हणजे खरेदीचा करार, करायच्या आधी पंचवीस टक्के मागत होते. ज्या प्रोजेक्टला रेरा लागू आहे तिथे रजिस्टर केलेल्या कराराआधी दहा टक्क्यांच्या वर घेताच येत नाही, इथे रेरा नाही म्हटल्यावर तेवढा आडोसाही नाही. एरिया सांगितला तो सुपर बिल्ट-अप, कार्पेट म्हणजे भिंतींच्या आतली खरी वापरायची जागा, ती विचारल्यावर आवाज खाली गेला. बीयू म्हणजे इमारत वापरायची परमिशन आलेली नाही अजून म्हणजे वर जीएसटी. एकच चांगली गोष्ट, दस्त सूनबाईच्या नावाने केला तर गुजरातमध्ये बायकांना एक टक्का रजिस्ट्रेशन फी माफ आहे, स्टॅम्प ड्युटी ४.९ टक्के मात्र भरावीच लागते, तर मिस्टर आता सगळीकडे सांगत फिरतात की मी स्त्री-पुरुष समानतेसाठी घर सुनेच्या नावावर करतोय.

पुराचंही विचारलं मी, कारण एका पुरातून उठून दुसऱ्यात जायचं नाहीये. सप्टेंबर २०२३ला धरणातून पाणी सुटलं तेव्हा भरूचला गोल्डन ब्रिजपाशी नर्मदा ४० फुटांच्या घरात गेली होती, धोक्याची पातळी २४ फूट. भरूचलाही दांडिया बाजार आहे आपल्यासारखाच, तिथे आणि फुरजा बंदराकडे पाणी घुसलं होतं. त्या जाहिरातीतला पूल बघा, १८८१चा, अजून उभा आहे, २०२१ला शेजारी नवा नर्मदा मैया ब्रिज झाल्यावर त्याला आराम मिळाला. त्याच्या खांबावर फुटांच्या खुणा आहेत, बातम्यांमध्ये त्याच सांगतात. साइटवरच्या साहेबांना विचारलं २०२३ला इथे किती होतं, तर म्हणाले तेव्हा आमचा प्लॉट घेतलेला नव्हता. कोपऱ्यावरच्या चहावाल्याने मात्र लगेच स्वतःच्या गुडघ्याला हात लावून दाखवलं. प्लिंथ म्हणजे जोतं तीन फूट उचललंय त्यांनी, म्हणजे हरकत नाही, पण मग हे अभिमानाने ब्रोशरमध्ये लिहा ना, जहाजाच्या स्टिकरऐवजी!

तर तुम्हाला विनंती अशी की जाहिरात घ्या, पेपर चालायला जाहिरात लागते हे कळतं मला. पण घराच्या जाहिरातीत तुमच्याकडून एक चौकट सक्तीची करा, रेरा नंबर किंवा तो का नाही ते, कार्पेट एरिया, प्यायच्या पाण्याचा सोर्स आणि त्याचा टीडीएस, आणि गेल्या मोठ्या पुरात त्या प्लॉटवर पाणी होतं का. चार ओळींची जागा लागेल, हसणाऱ्या चौघांपैकी एकाला काढलं तरी बसेल. तुम्ही नाही म्हणालात तर मी समजू शकते, पण मग निदान 'ऐतिहासिक' हा शब्द फुकट देऊ नका, त्याचे वेगळे पैसे लावा.

मुलाचं म्हणणं आहे की घर घ्यायचंच, रोजचे साडेचार तास वाचतात, आणि त्याचं चुकत नाही. मी म्हटलंय घे, पण टाकं झाल्याशिवाय बानाखतावर सही नाही. बिल्डर शेवटी म्हणाला की खड्डा आम्ही काढून देऊ, आतलं काम तुमचं तुम्ही बघा, आमच्याकडे सिमेंटवाले आहेत, चुन्याचा माणूस नाही. तर बडोदा, भरूच, अंकलेश्वर, कुठेही चुन्याचा घोटीव गिलावा येणारा कडिया म्हणजे गवंडी कुणा वाचकाच्या ओळखीत असेल तर तुमच्या ऑफिसात निरोप ठेवावा, वय कितीही असलं तरी चालेल, हाताखाली दोन पोरं आम्ही देऊ. पावसाळ्याच्या आत झालं पाहिजे.

आपली,
एक नियमित वाचक,
कारेलीबाग, बडोदा